शरीराची आठवण

श्रोतेहो, राज्यांचा इतिहास बखरींत सापडतो. रोगांचा इतिहास मात्र शरीर आपल्याजवळच जपून ठेवते. उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांची हकीकत ऐका. १७८१ साली तेथे गोवराची साथ आली नि गेली. पुढे पासष्ट वर्षे तेथे गोवर नव्हता. १८४६ साली तो परतला आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० माणसे आजारी पडली. डेन्मार्क सरकारने पाठविलेला पानुम नावाचा तरुण डॉक्टर गावोगाव हिंडला. त्याला आढळले, की १७८१ साली गोवर येऊन गेलेल्या एकाही म्हाताऱ्याला तो पुन्हा झाला नाही. तेव्हा वाचलेले म्हातारे मात्र या खेपेस सापडले.

याचे कारण पानुमला ठाऊक नव्हते. काही पांढऱ्या पेशी एकदा भेटलेल्या शत्रूची ओळख वर्षानुवर्षे राखतात व तो पुन्हा येताच त्वरेने प्रतिकार उभारतात, हे विसाव्या शतकात उलगडले.

परंतु त्या वृद्धांची ही आठवण आजार भोगून आलेली होती. आणि गोवर भोगणारे सगळेच उठत नाहीत. १९६३ साली आलेली लस तीच आठवण गोवर न भोगता देते. मग हे शहाणपण आपल्या मुलांनी जिवावरच्या दुखण्यातून का शिकावे?