डायरेक्शनल अँटेना: गेन कसा मिळतो आणि कुठे वाया जातो?

बेलापूरच्या आमच्या घरापासून शेतातली वस्ती दोन किलोमीटरवर आहे. शेतीची लाईट रात्रीची आणि उसात बिबट्या. मोटर चालू आहे का, एवढंच बघायला वडिलांनी अंधारात जाऊ नये म्हणून मी घरचं वायफाय वस्तीवर न्यायचं ठरवलं.

गेन म्हणजे काय?

अँटेना स्वतः शक्ती तयार करत नाही. बॅटरीच्या बल्बमागची चकचकीत वाटी जसा सगळा उजेड एकीकडे वळवते, तसंच हे. गेन डेसिबलमध्ये मोजतात: ३ म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट.

डिश

डिशचा गेन = कार्यक्षमता × (पाय × व्यास ÷ तरंगलांबी) चा वर्ग. व्यास दुप्पट केला की गेन चौपट.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण. तिथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. ३२७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ९२ सेंटिमीटर. कार्यक्षमता ६० टक्के धरली तर गेन १४ हजार पटींच्या आसपास, म्हणजे साधारण ४१.५ डेसिबल येतो. गोविंद स्वरूप यांच्या टीमने पत्र्याऐवजी तारेची जाळी वापरली. भोकं तरंगलांबीपेक्षा खूप लहान असली की रेडिओ लहरींना जाळी अखंड पत्र्यासारखीच वाटते. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त होतो.

यागी

जुन्या दूरदर्शनचा गच्चीवरचा अँटेना तो हाच. मधली अर्ध्या तरंगलांबीची काडी सिग्नल घेते, मागची थोडी लांब काडी परतवते, पुढच्या आखूड काड्या दिशा देतात. काड्या वाढवून अँटेना लांब केला की गेन वाढतो, पण झोत अरुंद होतो. नेम चुकला की सगळं गेलं.

माझी चूक

२.४ गिगाहर्ट्झला दोन किलोमीटरवर सुमारे १०६ डेसिबल घट होते. राउटरचे २० आणि दोन्ही टोकांना १५-१५ चे यागी धरले तर हाती −५६ यायला हवे होते. आले −७६. कारण दोन्हीकडे राउटर घरात आणि गच्चीपर्यंत दहा-दहा मीटर बारीक केबल. या फ्रिक्वेन्सीला ती मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. म्हणजे २० डेसिबल, शंभरातले नव्व्याण्णव भाग, केबलमध्येच गेले. लागणीच्या वेळी लिंक कशीबशी चालली. ऊस वाढल्यावर बंद पडली.

मग राउटर पेटीत घालून अँटेनाशेजारीच बसवले आणि खाली इथरनेट केबल आणली. अँटेनाही उंच केले, कारण एवढ्या अंतरावर मधोमध सरळ रेषेभोवती किमान पावणेपाच मीटर मोकळी जागा लागते. आता वडील मोटर फोनवर बघतात.

म्हणून मोठा अँटेना घेण्याआधी केबल मोजा. आणि कायदा विसरू नका: भारतात २.४ गिगाहर्ट्झला विनापरवाना मर्यादा अँटेनाचा गेन धरून ४ वॅट, म्हणजे ३६ डेसिबल आहे. माझे होतात ३५.