लाट, लहर आणि मौज

आमच्या वारज्यातून समुद्र गाठायचा तर आधी घाट उतरावा लागतो. इथलं पाणी म्हणजे खडकवासल्याहून येणारी मुठा. ती खवळली तर पूर, लोंढा. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याने पाहिला तो लोंढाच. तरीही आम्हा घाटावरच्यांच्या बोलण्यात समुद्र किती आहे, बघा!

'लहर' घ्या. संस्कृतात लहरी म्हणजे लाट. मराठीत ती मनात शिरली. लहर आली की आम्ही सिंहगडावर जातो. 'मौज'ची तर और मौज. अरबीत मौज म्हणजे लाटच! फारसीतून इकडे येता येता लाटेची झाली मनाची लहर, आणि लहरीचा झाला आनंद.

'कल्लोळ' म्हणजे मोठी लाट. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांचा कल्लोळ पाण्याचा होता. तुळजापूरच्या कल्लोळ तीर्थात तो अजून पाण्यापाशीच आहे. बाकी आता कल्लोळ म्हटलं की आरडाओरडाच आठवतो.

आणि 'उधाण'. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, भरती मोठी होते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी बेताचंच चढतं नि बेताचंच उतरतं. तो 'भांग'. (प्यायची ती भांग वेगळी!) किनाऱ्यावर दोन्ही शब्द लागतात, कारण होडी कधी काढायची हे त्यांवर ठरतं. घाट चढून वर आलं ते फक्त उधाण. आमच्या आनंदाला उधाण येतं, उत्साहाला उधाण येतं. भांग मात्र भूगोलाच्या पुस्तकापुरताच राहिला.

26 डिसेंबर 2004 नंतर 'त्सुनामी' आली. जपानीत त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट. एवढी माणसं गेली त्या लाटेत, आणि बघता बघता मतांची, जाहिरातींचीही त्सुनामी येऊ लागली.

2021 मध्ये कोरोनाची 'दुसरी लाट' आली. तेव्हा रोज एकच प्रश्न, लाट कधी ओसरणार? आज वाटतं, त्या शब्दाने आम्हाला थोडा धीर दिला. लाट म्हटली की ओसरणं आलंच. पण समुद्राची लाट मागे जाते तेव्हा किनारा होता तसा राहतो. त्या लाटेनंतर कित्येक घरं तशी राहिली नाहीत.

असो. आपण समुद्राकडून सगळे चढणारे, उसळणारे शब्द उचलले. बेताच्या, शांत दिवसांचा शब्द तिथेच सोडून आलो. खरं तर आयुष्यातले बरेचसे दिवस भांगाचेच असतात, आणि ते तसे असावेत हीच तर आपली इच्छा असते!

कोकणातल्या मंडळींनो, असे खाली राहून गेलेले आणखी शब्द तुमच्याकडे नक्की असतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि कळवा. वाट बघतोय.