प्राप्तिकर की घरपट्टी : अमेरिकी घरमालकापुढील हिशेब

भारतातील नागरिकाला हा प्रश्न सहसा पडत नाही. शेतीचे उत्पन्न वगळता प्राप्तिकर आकारण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राकडे ठेवला आहे. जमीन व इमारतींवरील कर राज्यसूचीत असून घरपट्टीच्या रूपाने तो महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत वसूल करते. राज्य सरकारने प्राप्तिकर लावून घरपट्टी कमी करावी काय, ही चर्चा आपल्याकडे उद्भवतच नाही. अमेरिकेत मात्र हा प्रश्न गेली अनेक दशके निवडणुका, न्यायालये आणि सार्वमते यांच्या केंद्रस्थानी राहिला आहे. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये किंवा टेक्ससमधील डॅलस-ह्यूस्टन परिसरात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही तो चुकलेला नाही.

अमेरिकेत केंद्राच्या प्राप्तिकराखेरीज बहुतेक राज्ये स्वतःचा प्राप्तिकर घेतात. अलास्का, फ्लोरिडा, टेक्सस, न्यू हॅम्पशायर यांसारखी मोजकी राज्ये वेतनावर तो घेत नाहीत. मालमत्ता कर हा मुख्यतः काउंटी, नगर आणि शालेय जिल्हा यांचा असतो. सार्वजनिक शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात याच करातून भागतो, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढचा सारा वाद कळत नाही. आपल्या घरपट्टीत प्रामुख्याने रस्ते, दिवे, सफाई यांचा खर्च असतो; तिथल्या घरपट्टीत शिक्षकांचे वेतनही असते. त्यामुळे श्रीमंत वस्तीतील शाळा संपन्न आणि गरीब शहरातील शाळा कंगाल, अशी विषमता या कराच्या पोटातच दडलेली आहे.

न्यू जर्सीचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. जर्सी सिटीतील एका विद्यार्थ्याच्या वतीने दाखल झालेल्या ‘रॉबिन्सन विरुद्ध काहिल’ या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये शाळांच्या निधीची ही पद्धत राज्यघटनेशी विसंगत ठरविली. विधिमंडळाने नव्या निधीची तजवीज केली नाही. अखेर १ जुलै १९७६ रोजी न्यायालयाच्या आदेशाने सार्वजनिक शाळांवरील खर्च थांबला. आठवडाभरात विधिमंडळाने प्राप्तिकर मंजूर केला आणि ८ जुलै रोजी गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी त्यावर स्वाक्षरी केली. प्रारंभीचे दर होते २ आणि २.५ टक्के. या कराचे उत्पन्न मालमत्ता कराचा भार हलका करण्यासाठीच वापरले जाईल, अशी तरतूद त्याच वर्षी मतदारांच्या संमतीने राज्यघटनेत घालण्यात आली. ‘एकाच कारकिर्दीचे बर्न’ अशी ज्यांची टिंगल होत होती, ते बर्न १९७७ मध्ये पुन्हा निवडून आले.

पुढे काय झाले, ते अधिक उद्बोधक आहे. आज न्यू जर्सीत १० लाख डॉलरवरील उत्पन्नाला १०.७५ टक्के प्राप्तिकर आहे आणि घरामागील सरासरी मालमत्ता कर वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेला आहे. एक कर दुसऱ्याची जागा घेईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्ही नांदले. राज्यघटनेतील तरतूद मोडली गेली, असे मात्र नाही. प्राप्तिकराचा पैसा शालेय अनुदान आणि सवलतींच्या रूपाने खाली जातो. पण साडेपाचशेहून अधिक नगरे आणि त्यांचे शालेय जिल्हे आपापला खर्च ठरवितात आणि उरलेली तूट घरमालकाकडून भरून काढतात. कराच्या वार्षिक वाढीला २ टक्क्यांची मर्यादा घालणारा कायदा २०१० मध्ये झाला, म्हणजे प्राप्तिकरानंतर तब्बल ३४ वर्षांनी. हा क्रम उलटा असता तर चित्र वेगळे दिसले असते, असे मानण्यास जागा आहे.

टेक्ससने दुसरी वाट धरली. तेथे १९९३ च्या घटनादुरुस्तीने प्राप्तिकरासाठी मतदारांची संमती आवश्यक केली आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान दोन तृतीयांश भाग शालेय मालमत्ता कर घटविण्यासाठी राखून ठेवला. २०१९ मध्ये मतदारांनी व्यक्तिगत प्राप्तिकरावर घटनात्मक बंदीच घातली. त्यामुळे भार घरांवर आणि विक्रीकरावर राहिला. त्याची धग कमी करण्यासाठी स्वतःच्या राहत्या घराच्या मूल्यातून शालेय करापुरती वगळली जाणारी रक्कम २०२३ मध्ये १ लाख आणि २०२५ मध्ये १ लाख ४० हजार डॉलर करण्यात आली. ‘येथे प्राप्तिकर नाही’ हे वाक्य ऐकून स्थलांतर करणाऱ्याने घरपट्टीचे देयक आधी पाहावे, हे बरे.

आता घरमालकाच्या दृष्टीने हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. घराची किंमत ५ लाख डॉलर आणि मालमत्ता कर २ टक्के असेल, तर वर्षाला १० हजार डॉलर द्यावे लागतील. समजा, राज्याने सरासरी ४ टक्के प्राप्तिकर लावून मालमत्ता कर १ टक्क्यावर आणला. तर १ लाख २० हजार डॉलर मिळविणाऱ्या कुटुंबाचा एकूण भार ९ हजार ८०० डॉलर होईल, म्हणजे जवळपास पूर्वीइतकाच. त्याच घरात राहणाऱ्या आणि ४० हजार डॉलर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या दांपत्याला १० हजारांऐवजी ६ हजार ६०० डॉलर भरावे लागतील. अडीच लाख डॉलर मिळविणाऱ्या तरुण दांपत्याचा भार मात्र १५ हजारांवर जाईल. या दरांनुसार घराची किंमत वार्षिक उत्पन्नाच्या चौपटीहून अधिक असेल, तर प्राप्तिकर परवडतो; कमी असेल, तर मालमत्ता कर. केवळ दोन दरांची तुलना करून काहीच कळत नाही, ती या कारणाने.

आणखी एक फरक या गणितात दिसत नाही. प्राप्तिकर उत्पन्नाबरोबर खाली येतो. नोकरी गेली, की तोही जातो. मालमत्ता कराला मालकाचे दिवस फिरल्याचे कळत नाही. घरावर ८० टक्के कर्ज असले, तरी आकारणी पूर्ण किमतीवर होते. परिसरात भाव वाढले, की हातात एक डॉलरही न येता देयक वाढते. थकबाकीचा शेवट कोठे होऊ शकतो, हे मिनेसोटातील हेनेपिन काउंटीच्या प्रकरणात दिसले. एका वृद्ध महिलेकडील सुमारे २ हजार ३०० डॉलरचा थकीत कर व्याज आणि शास्तीसह १५ हजारांवर गेला. काउंटीने तिचे घर ४० हजार डॉलरला विकले आणि वरचे २५ हजारही ठेवून घेतले. ही वरची रक्कम काउंटीला ठेवता येणार नाही, असा एकमुखी निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये दिला. मिनेसोटात प्राप्तिकरही आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. दुसरा कर असला, म्हणून पहिल्याची धार बोथट होतेच असे नाही.

मग मालमत्ता कर टिकून का आहे? कारण तो स्थिर आहे. मंदीत वेतन, नफा, भागभांडवलाचे उत्पन्न घसरते आणि राज्याचा प्राप्तिकर कोसळतो. घर मात्र जागेवर असते, आणि शाळाही जूनमध्ये बंद करून भागत नाही. शिवाय कर घटला, की घरांच्या किमती वाढतात. त्याचा लाभ सध्याच्या मालकाला मिळतो. नव्या खरेदीदाराला तोच पैसा किमतीतून मोजावा लागतो. नॉर्थ डकोटाच्या मतदारांनी मालमत्ता कर रद्द करण्याचा प्रस्ताव २०१२ आणि २०२४ असा दोनदा फेटाळला.

निवृत्तांना वाचविण्याचे मधले मार्गही आहेत. न्यू जर्सीत पात्र ज्येष्ठांना ठरावीक वर्षानंतरची करवाढ परत मिळते. टेक्ससमध्ये ६५ वर्षांवरील मालकाला घर विकेपर्यंत कर व्याजासह लांबणीवर टाकता येतो. अशा सवलतींसाठी सहसा अर्ज करावा लागतो आणि तो न करणारे मालक त्यांना मुकतात.

तुलना करताना केंद्राच्या करातील वजावटही धरावी लागते. राज्य व स्थानिक करांची वजावट २०१७ च्या कायद्याने १० हजार डॉलरपर्यंत मर्यादित केली होती. दोन्ही कर जबर असलेल्या न्यू जर्सीसारख्या राज्यांना त्याचा मोठा फटका बसला. जुलै २०२५ च्या कायद्याने ही मर्यादा ४० हजार डॉलर केली असून ५ लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी ती टप्प्याटप्प्याने घटते. ही वाढ कायमची नाही. सध्याच्या कायद्यानुसार २०३० पासून मर्यादा पुन्हा १० हजार डॉलरवर येणार आहे.