फ्लू, रेल्वे आणि कॉलेजची पोरं : १९१८ कडे कसं बघायचं?

साथ आली की कॉलेज प्रशासनासमोर पहिला प्रश्न येतो: होस्टेलच्या मुलांना घरी पाठवायचं की आहे तिथेच ठेवायचं? घरी पाठवलं तर आजार त्यांच्याबरोबर गावोगाव जाणार, ठेवलं तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यातून पद्धतीबद्दलही बरंच शिकता येतं.

आधी १९१८ ची परिस्थिती पाहू. अमेरिकेत १ ऑक्टोबर १९१८ रोजी पाचशेहून अधिक कॉलेजांमध्ये विद्यार्थ्यांचं लष्करी प्रशिक्षण दल सुरू झालं. एक लाखाहून जास्त तरुण बराकींमध्ये दाटीवाटीने राहायला आले, आणि नेमका तोच फ्लूच्या दुसऱ्या, सर्वांत घातक लाटेचा महिना होता. म्हणजे साथ ऐन भरात असताना विद्यार्थ्यांचा प्रवास आणि गर्दी दोन्ही सरकारी आदेशाने वाढली.

याच्या उलट उदाहरण कोलोरॅडोतल्या गनिसनचं. डोंगरातलं हे छोटं रेल्वे-गाव, आणि तिथे शिक्षक तयार करणारं राज्याचं नॉर्मल स्कूलही होतं. गावाने वेशीवरच्या रस्त्यांवर अडथळे उभे केले. मोटारवाल्यांना न थांबता पुढे जायला सांगितलं जाई, आणि ट्रेनमधून उतरणाऱ्याला काही दिवस वेगळं ठेवलं जाई. हे सगळं १९१९ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं, आणि घातक लाट गावाला जवळजवळ न शिवता गेली.

इतिहासकार हॉवर्ड मार्केल आणि मिशिगन विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा सात 'बचावलेल्या' ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गनिसनसोबत प्रिन्स्टन विद्यापीठ आणि ब्रिन मॉर हे मुलींचं कॉलेजही आहे. या दोन्ही ठिकाणी विद्यार्थी आजारी पडले, पण दुसऱ्या लाटेत फ्लूने कोणी दगावल्याची नोंद नाही.

आता इथे थांबा. 'म्हणजे कॉलेज बंदिस्त ठेवलं की झालं' असा निष्कर्ष काढावासा वाटतो ना? पण ही ठिकाणं निवडलीच गेली ती वाचली म्हणून. ज्यांनी तेच उपाय केले आणि तरी माणसं गमावली, ती या यादीत येणारच नाहीत. शिवाय गनिसन मुळातच आडबाजूला, विरळ वस्तीचं. मग यश उपायांचं, भूगोलाचं की नशिबाचं? हे वेगळं काढता येत नाही, असं त्या अभ्यासकांनीही सावधपणे मांडलं आहे. निवडीतला हा पूर्वग्रह पहिल्याच वाचनात पकडायला शिका.

मग प्रवासाबद्दल काहीच ठामपणे म्हणता येत नाही का? येतं, पण त्यासाठी दुसऱ्या जातीचा पुरावा लागतो. जून १९१८ मध्ये मुंबईत गोदीवरचे पोलीस शिपाई आजारी पडले. तिथून साथ रेल्वेमार्गांनी देशभर गेली, आणि रेल्वेचा हा वाटा तेव्हाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनीही नोंदवला. दुसऱ्या लाटेत ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, असे अंदाज आहेत. कोणतं ठिकाण कधी बाधित झालं, याच्या तारखा रेल्वेच्या नकाशावर लावून पाहिल्या तर आपण फक्त वाचलेल्या ठिकाणांवर विसंबून राहत नाही. जिथे साथ पोचली आणि जिथे उशिरा पोचली, दोन्ही एकाच चौकटीत येतात.

हे सगळं एकत्र ठेवलं तर माझ्या मते मुद्दा 'पाठवा की ठेवा' एवढाच राहत नाही, वेळेचा होतो. गनिसनने दार लावलं तेव्हा आजार अजून बाहेर होता. आत शिरल्यावर लावलेलं दार निरोगी मुलांनाही आजाऱ्यांसोबत कोंडतं, आणि त्यानंतर घरी पाठवलं की प्रत्येक डबा साथीचा वाहक होतो. म्हणून निर्णय लवकर हवा, आणि आजारी विद्यार्थ्याने प्रवास टाळावा यासाठी त्याच्या जेवणाची, औषधाची आणि बुडालेल्या परीक्षेची सोय कॉलेजनेच करायला हवी. परीक्षा बुडेल या भीतीने ताप लपवून गाडीत बसणारा मुलगा कुठल्याच नाक्यावर सापडत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: आपल्या जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये १९१८ च्या साथीबद्दल काय लिहिलंय ते शोधा, आणि रेल्वे स्टेशन तिथून किती लांब होतं तेही बघा.