पाणी आलं तशी काकडी आली

लग्नाच्या पानात कोशिंबिरीची जागा डावीकडे, मीठ-लिंबू-चटणीच्या शेजारी. जागा जुनी आहे. तिथे काय वाढायचं ते मात्र आमच्या हिवरखेडात दर पिढीला बदलत आलं, आणि ते सुगरणींनी नाही, पाण्याने बदललं, असं माझं मत आहे.

मी मूळची पूर्णाकाठची, खारपाणपट्ट्यातली. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे आणि त्यात तुरीची डाळ काही केल्या गळत नसे. सून म्हणून हिवरखेडात आले तेव्हा सासरपेक्षा पाण्याचंच अप्रूप जास्त वाटलं. सातपुड्याचा पायथा; डोंगरातून वाहून आलेल्या गोट्या-वाळूत मुरलेलं पाणी, खोल पण गोड. याच पट्ट्यात बारी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पानमळे जगवले. वैशाखात डोळ्यांना हिरवं दिसायचं ते तिथेच. आमच्या शेजारच्या मळ्यात पाटाच्या कडेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावलेला असे, आणि कुणाच्या घरी लग्न निघालं की त्या दोन वाफ्यांवर साऱ्या गल्लीचा डोळा असे.

लग्नं उन्हाळ्यातच. कापूस विकून हाती पैसा आलेला, तूर-हरभरा घरात पडलेला, वावरं रिकामी. म्हणजे पाहुण्यांची गर्दी सर्वांत जास्त तेव्हा, आणि ताजी भाजी सर्वांत कमी तेव्हाच. मग पानाच्या डाव्या बाजूला यायचं ते बिनपाण्याचं टिकणारं: नुकताच काढलेला कांदा, बांधावरच्या गावरान आंब्याची कैरी, घरचीच भिजवलेली डाळ. दही नाही, बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात सकाळचं दही दुपारच्या दुसऱ्या पंगतीला नाक मुरडायला लावतं. आंबटपणाला कैरी असताना दह्याची गरजही नव्हती. काकडी खायची तर पूर्णेच्या पात्रातल्या डांगरवाडीची. भोई कुटुंबं वाळूत खड्डे करून, शेणखत घालून टरबूज, डांगर, काकडी पिकवत. माझ्या माहेरचे पाहुणे लग्नाला येताना त्यातली टोपलीभर आणत, पण ती सोयऱ्यांच्या पानापुरती. गावजेवणाला कांदा-कैरीचा तक्कूच.

आता तक्कूचं सांगते, कारण खरं कसब त्यात आहे. शंभर पानांना साधारण पाच किलो कांदा आणि त्याच्या निम्मी कैरी. कांदा विळीवर बारीक चिरायचा, कैरी किसायची, दोन्ही वेगवेगळ्या गंजांत, वर ओलं फडकं. गूळ चिरून बाजूला, तिखट बाजूला. मोहरी, मेथी, हिंग, हळदीची फोडणी करून ती पूर्ण गार होऊ द्यायची. गरम ओतली की कांदा मऊ पडतो. मीठ आणि गूळ दोन्ही पाणी सोडवतात. सगळं एकदम कालवलं तर पहिल्या पंगतीला तक्कू मिळतो आणि तिसरीला त्याचं सार. म्हणून एका पंगतीपुरतं परातीत घ्यायचं, पानावर मीठ वाढणारा निघाला की कालवायचं, आणि त्याच्या मागोमाग वाढपी सोडायचा. आमच्या आत्याबाई परातीशी पाटावर बसून असत. कुणा नव्या सुनेचा हात मिठाकडे गेला की म्हणायच्या, "आत्ताच मीठ नोको टाकू वं बाई, पंगत तं बसू दे."

रामचंद्र सखाराम गुप्त्यांचं 'सूपशास्त्र' १८७५ साली छापलं गेलं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० साली, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली. पण पाचशे पानांची कोशिंबीर पुस्तकातून शिकलेली बाई मला अजून भेटायची आहे.

आणि "पारंपरिक" म्हणताना जरा जपूनच. तक्कूतलं तिखट पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलेलं, कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट तसंच अमेरिकेच्या शेंगांचं, आणि ज्याच्यावाचून आज कोणाचं सलाद होत नाही ते भेदरं, म्हणजे टोमॅटोही, तिकडचंच. खास आपला म्हणावा असा पांढरा कांदासुद्धा नंतर निवडून सुधारला गेला. 'अकोला सफेद' हे वाण १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं.

पुढे मोट गेली, इंजिन आलं, मग विजेचा पंप. वारी भैरवगडाला वान नदीवर हनुमान सागर धरण बांधलं गेलं आणि आमच्या तेल्हारा तालुक्याच्या शिवारात कालव्याने पाणी फिरलं. केळी, संत्रा वाढला आणि उन्हाळ्यातली काकडी ही चैनीची गोष्ट राहिली नाही. इकडे नदीपात्रातली वाळू उपसली गेली, डांगरवाड्या विरळ झाल्या. वाळूतली काकडी गेली आणि मोटारीच्या पाण्यावरची आली. चवीत फरक आहे, पण हे म्हटलं की घरातली पोरं हसतात.

पाण्याखेरीज फरक पडला तो माणसांच्या येण्याजाण्याने. मीटरगेजवर गाडी होती तेव्हा खंडव्याकडचे पाहुणे धूळघाटाचा वळसा घालून थेट आमच्या ठेसनावर उतरत. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. ती माणसं आता मोटारीने येतात, जेवतात आणि रात्रीच परततात. दोन दिवस आधी येऊन कांदा चिरणाऱ्या बायका त्यामुळेही कमी झाल्या, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता केटरर असतो. सलादाचा वेगळा टेबल, काकडीच्या चकत्या, गाजराची फुलं, बिटाचे काप, मोड आलेली मटकी, मेयोनीजमध्ये बुडवलेली पत्ताकोबी. मला त्याचा राग नाही. पाण्याअभावी एक कांदाच चावत जेवलेल्या पिढीच्या नातवंडांना वैशाखात पाच भाज्या कच्च्या खायला मिळतात, हे चांगलंच झालं. तक्रार एवढीच की रात्रीच्या जेवणाची काकडी दुपारी चिरून, मीठ भुरभुरून ठेवतात. गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या लग्नात मी केटररच्या पोराला म्हटलं, मीठ वेगळं ठेव बाबा, ज्याचं तो घेईल. त्याने मान डोलावली, आणि मीठदाणी लोणच्याच्या टेबलावर नेऊन ठेवली.