एक तार, एक गळा आणि बावीस श्रुती

१९१० साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून एक इंग्रजी पुस्तक बाहेर पडले. नाव होते 'द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज'. लेखक कृष्णाजी बल्लाळ देवल. देवल ना गवई होते, ना कुठल्या घराण्याचे गंडाबंद शागीर्द. ते सांगलीकडचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. उभी हयात महसुली कामात गेली, आणि पेन्शनीत निघाल्यावर हा गृहस्थ ताणलेल्या तारेवर घोडी सरकवत, लांबी मोजत बसला. सा आणि सा यांच्यामध्ये आपल्या पूर्वजांनी ज्या बावीस जागा, म्हणजे श्रुती, सांगितल्या, त्या नेमक्या कुठे पडतात हे त्यांना जगाला दाखवायचे होते. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी त्यांनी पूर्व-पश्चिम संगीताची तुलना करणारी एक पुस्तिकाही पुण्यातूनच काढली होती.

पियानोच्या पट्टीत न मावणाऱ्या स्वरांचा नाद आज जगभरच्या हौशी संगीतकारांना लागला आहे. नोकरी-धंदा सांभाळून कोणी नवी स्वरपट्टी बांधतो, तीत चाल रचतो, आपल्यासारख्या चार जणांना ऐकवतो. दक्षिण महाराष्ट्रात हा उद्योग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मोठ्या हिरिरीने चालला होता, आणि त्याची छपाई, शिकवणी व वादावादी यांतले पुष्कळसे पुण्यात झाले. त्या मंडळींची आठवण आज फार थोडी उरली आहे. जी आहे तीही बहुधा 'संगीतपंडित भातखंड्यांनी ज्यांना खोडून काढले ते' एवढीच. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

श्रुतींचा प्रश्न अर्थातच देवलांच्या फार आधीचा. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन्ही वीणा अगदी सारख्या जुळवायच्या. मग एक तशीच ठेवून दुसरीचा पंचम किंचित उतरवायचा आणि बाकीच्या तारा त्या नव्या पंचमाला धरून पुन्हा लावायच्या. असे चार वेळा केले की उतरवलेल्या वीणेचे स्वर पहिल्या वीणेच्या खालच्या स्वरांवर येऊन बसू लागतात, आणि सप्तकात बावीस पायऱ्या आहेत असे कानाला पटते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, तोही या बावीस श्रुतींची मांडणी करूनच. हा शार्ङ्गदेव व्यवसायाने कोण? राजाच्या हिशेबखात्याचा प्रमुख. त्याचे आजोबा काश्मीरहून आलेले. महाराष्ट्रात श्रुतींची चिकित्सा करणाऱ्यांत दफ्तरातली माणसे पुढे असण्याची परंपरा अशी जुनी आहे.

या ग्रंथांत एक गोष्ट मात्र नव्हती, ती म्हणजे आकडा. तारेची लांबी मोजून स्वरस्थाने सांगण्याची रीत पुढे सतराव्या शतकात अहोबलाच्या 'संगीतपारिजात'मध्ये येते, आणि तिथेही बावीस श्रुतींची मापे नाहीत, स्वरांची आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून या प्रश्नाला नवे वारे मिळाले. हेल्महोल्ट्झने १८६३ साली नादाच्या संवेदनेवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या अलेक्झांडर एलिसने सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग पाडून 'सेंट' हे माप रूढ केले. बोझान्के नावाच्या इंग्रज अभ्यासकाने सप्तकाचे ५३ भाग करणारी पेटी बांधली आणि १८७७ मध्ये चक्क हिंदू श्रुतींवर निबंध लिहिला. इकडे पुण्यात १८७४ सालीच गायन समाज स्थापन झाला होता. बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे यांच्यासारख्यांनी तो चालवला तो एका हेतूने: शिकल्यासवरल्या घरांतून गाण्याबद्दलचा संकोच जावा आणि आपले संगीत शास्त्र म्हणून ताठ मानेने मांडता यावे. देवलांचे पुस्तक या दोन प्रवाहांच्या संगमावर उभे आहे.

त्यांची पद्धत समजायला अवघड नाही. समजा ३६ इंचांची तार घेतली आणि मोकळ्या तारेला सा मानले. २८.८ इंचांवर घोडी ठेवली की पाचास चार या प्रमाणातला गोड गंधार मिळतो. तीच घोडी सुमारे २८.४४ इंचांवर नेली की पंचमांच्या साखळीतून येणारा चढा गंधार मिळतो. अंतर जेमतेम नऊ मिलिमीटर. गंधार दोन्हीही शुद्ध म्हणवतात, पण कानाला ते एक वाटत नाहीत. सा सेकंदाला २४० आंदोलनांचा धरला तर पहिला गंधार बरोबर ३००चा, दुसरा ३०३.७५चा, आणि विलायती पेटीचा, बारा समान भागांतला, सुमारे ३०२.४चा. कोमल रिषभाचेही तसेच: एक २५६चा, दुसरा त्याखाली २५२.८च्या आसपास. रे, ग, म, ध, नि या प्रत्येकाच्या कोमल-तीव्र मिळून अशा चार-चार जागा, म्हणजे वीस. त्यांत अचल सा आणि पंचम मिळवले की बावीस.

तीनशे आणि तीनशे दोन-अडीच यांत असे काय मोठे अंतर, असे कोणी विचारील. त्याने तंबोरा छेडावा. चांगली जवारी लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार आपोआप बोलतो. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी वीणा-तंबोऱ्याच्या घोडीवर निबंध लिहून दाखवले, की वक्र घोडीमुळे तारेतले असे उपस्वरही ऐकू येतात जे एरवीच्या नियमाने उमटायलाच नकोत. षड्जाचा पाचवा उपस्वर म्हणजे गंधार. आपल्या उदाहरणात तो १२०० आंदोलनांचा. तीनशेच्या गंधाराचा चौथा उपस्वरही नेमका १२००, म्हणून दोन्ही एकजीव होतात. पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर १२०९च्या पुढे जातो आणि सेकंदाला नऊ-दहा थरथरी कानावर येतात. गवयी 'पेटीचा गंधार टोचतो' म्हणतात, तो इथे.

तारेवरचे हे गणित कितीही नेटके असले तरी त्याला गळ्याची साक्ष हवी होती. ती देवलांना अब्दुल करीम खाँ यांच्याकडून मिळाली. खाँसाहेब किराण्याचे, गळ्याइतकाच वीणेवरही हात असलेले, आणि एकेका स्वराची बढत करत श्रोत्यांना त्या स्वरात बुडवून टाकणारे. सुराच्या बारकाव्याचे त्यांना वेड होते. त्यांनी १९१३ च्या सुमारास पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थ्यांना घरी ठेवून, जेवूखाऊ घालून शिकवण्याची त्याची रीत. एका मुसलमान उस्तादाने पुण्यात 'आर्य' नावाची शाळा चालवावी आणि एका ब्राह्मण पेन्शनरासाठी एकेक श्रुती गळ्यातून काढून दाखवावी, यात त्या काळाचे जे चित्र दिसते ते फार मोलाचे आहे. घराण्याची विद्या झाकून ठेवायची असते असे मानण्याच्या दिवसांत खाँसाहेबांनी आपला गळा मोजमापासाठी खुला केला. या सगळ्या प्रकरणात सर्वांत उदार माणूस तेच.

तिसरा गडी होता अर्नेस्ट क्लेमेंट्स, आय.सी.एस., साताऱ्याचा जिल्हा न्यायाधीश. खटले ऐकून उरलेल्या वेळात तो राग ऐके, टिपून घेई, पाश्चात्त्य स्वरलिपीत श्रुतींसाठी वेगळ्या खुणा घालून लिहून काढी. १९१३ मध्ये त्याचे भारतीय संगीतावरचे पुस्तक लंडनला निघाले. देवल आणि क्लेमेंट्स यांच्या मंडळाचे नाव भारदस्त होते: फिल्हार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. १९१८ पासून या सोसायटीने पुण्यातून 'द रागाज ऑफ हिंदुस्तान' या नावाने रागांचे संग्रह काढले. पुस्तिका छापायच्या, प्रात्यक्षिके ठेवायची, एकाने मोजलेले दुसऱ्याने पडताळायचे, असा या मंडळींचा शिरस्ता होता.

क्लेमेंट्सची सर्वांत गाजलेली खटपट म्हणजे श्रुती-हार्मोनियम. ही खास पेटी लंडनच्या मूर अँड मूर कंपनीने बनवली. बारा पट्ट्यांच्या जोडीला जादा सूर देणारी योजना तिच्यात होती, म्हणजे वाजवणाऱ्याला रागाप्रमाणे उतरा किंवा चढा सूर निवडता यावा. त्या वेळी महाराष्ट्रात हार्मोनियम घरोघर शिरली होती. संगीत नाटकांनी तिला रंगमंचावर मानाने बसवले होते. ती हद्दपार होणार नाही हे दिसत होते, तर मग तीच सुधारावी हा विचार मला पूर्ण व्यवहारी वाटतो. अडचण दुसरीकडे होती. पेटीचा सूर एकदा कानशीने घासून लावला की तिथेच राहतो. दरबारीचा गंधार एका जागी उभा राहतच नाही. तो आंदोलत असतो. भैरवाच्या रिषभाचेही तेच. तिथे कुठली श्रुती लावायची? खालची म्हणावी तर तो वर जातो, वरची म्हणावी तर पुन्हा उतरतो.

हीच दुखती नस पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी पकडली. भातखंडेही पेशाने वकील, म्हणजे याच हौशी पंथातले. देवलांच्या पुस्तकाच्या सुमारासच त्यांचे 'श्रीमल्लक्ष्यसंगीत' आणि मराठीतला 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग बाहेर पडत होता. १९१६ च्या मार्चमध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि श्रुतींचा प्रश्न तिथे ऐरणीवर आला. भातखंड्यांचा आक्षेप दुहेरी होता. एक, जी अपूर्णांकांची प्रमाणे भरत-शार्ङ्गदेवांच्या नावावर खपवली जातात ती त्यांच्या ग्रंथांत कुठेच नाहीत, ती युरोपीय नादशास्त्रातून आली आहेत. दोन, आजचे गवयी जे गातात ते समजायला बारा स्वर पुरेत. श्रुती गळ्यावर सोडाव्यात, पेटीच्या चौकटीत बसवू नयेत. बडोद्यात क्लेमेंट्स-देवलांच्या पेटीला मान्यता मिळाली नाही. पुढच्या पिढ्यांच्या शिक्षणात भातखंड्यांची बारा स्वरांची, दहा थाटांची मांडणी स्थिरावली आणि देवलांचे आकडे ग्रंथालयांत जाऊन बसले.

पहिल्या आक्षेपात भातखंडे निःसंशय बरोबर होते. देवलांनी जुन्या शब्दांत नवे गणित वाचले. पण कोमल रिषभाच्या दोन जागा आहेत हे देवलांनी ग्रंथातून काढले नव्हते. ते त्यांनी एका थोर गवयाच्या गळ्यातून ऐकले आणि तारेवर पडताळले. तोडीचा गंधार आणि भीमपलासीचा गंधार एकच 'कोमल' म्हणून शिकवला जातो, आणि नंतर गुरू विद्यार्थ्याला कानात सांगतो, 'तोडीत जरा उतरा ठेव.' हा 'जरा' किती, असे विचारण्याची हिंमत देवलांनी केली. पुढे १९६३ मध्ये नझीर जैरझभॉय आणि स्टोन यांनी यंत्रांच्या साह्याने वादक-गायकांचे स्वर मोजले, तेव्हा एकाच रागातला एकच स्वरसुद्धा कलाकारागणिक हलतो असे दिसून आले. बावीस ठाम जागा त्यातून सिद्ध झाल्या नाहीत, आणि बारा ठाम जागाही झाल्या नाहीत.

त्याच १९६३ साली खाँसाहेबांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांचे 'श्रुतिदर्शन' आले. गुरूच्या निधनाला तेव्हा पाव शतक लोटले होते. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात एका लहानशा रेल्वे स्थानकावर वारले. वर्गातून आणि परीक्षांतून बाद झालेला विषय शिष्याने जन्मभर उराशी धरला होता.

हार्मोनियमच्या नशिबी मात्र आणखी वनवास होता. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि १९७१ पर्यंत ती पूर्णपणे उठली नाही. बंदीमागची एक तक्रार क्लेमेंट्सचीच होती: या पेटीचे सूर भारतीय संगीताचे नाहीत. दुसरी अशी, की तिच्यावर मींड निघत नाही. गंमत पाहा, महाराष्ट्रातल्या पेटीवादकांनी या काळात वादविवादात न पडता कानस हातात घेतली. पितळी स्वरीचे टोक घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. वादक आपली काळी एक किंवा पांढरी चार सा धरून बाकीचे सूर तंबोऱ्याशी मिळवून घेई. याला मंडळी 'गंधार ट्यूनिंग' म्हणतात. त्यात पेटी एकाच पट्टीत सुंदर बोलते आणि दुसऱ्या पट्टीत बेसूर होते. एवढी किंमत वादक आनंदाने मोजतात.

ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी ही गोष्ट पुढे नेली. वैद्यकातले एम.डी., औषधशास्त्राचे जाणकार, पेटीत गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य. त्यांच्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियमला पेटंट मिळाले आहे. सा आणि पंचम सोडून उरलेल्या दहा स्वरांच्या दोन-दोन जागा, आणि प्रत्येकासाठी एक खुंटी: ओढली की एक श्रुती, ढकलली की दुसरी. राग सुरू करण्यापूर्वी खुंट्या लावून घ्यायच्या. दोन आणि वीस, बेरीज देवलांचीच.

संगणकाने घोडी सरकवण्याचे कष्ट संपवले आहेत. मानुएल ओप द कौल या डच अभ्यासकाचा 'स्काला' हा कार्यक्रम फुकट मिळतो. त्याच्यासोबतच्या संग्रहात पाच हजारांहून अधिक स्वरपट्ट्या आहेत आणि भारतीय श्रुतींच्या अनेक मांडण्याही आहेत. पाचास चार, सोळास पंधरा, एक्याऐंशीस चौसष्ट असे आकडे साध्या मजकुराच्या फायलीत एकाखाली एक लिहिले की कीबोर्ड त्या श्रुतींत वाजू लागतो. पुण्यातल्या एखाद्या अभियंत्याला रात्री कामावरून परतल्यावर नव्या पट्टीत चाल बांधायची असेल, तर त्याला तार लागत नाही आणि लंडनची कंपनीही लागत नाही. दरबारीच्या गंधारासाठी मात्र एक आकडा पुरत नाही. आंदोलन किती रुंद, किती सावकाश, कुठून निघून कुठे विसावणारे, हे त्याला स्वतंत्रपणे लिहावे लागते, आणि त्याआधी करीम खाँच्या १९३० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकाव्या लागतात.