युरोपियन संघातील ऋतुमानानुसार घड्याळबदल

युरोपियन संघातील ऋतुमानानुसार घड्याळबदल ही संघाच्या सदस्य देशांत घड्याळे दरवर्षी वसंत ऋतूत एक तास पुढे आणि शरद ऋतूत एक तास मागे करण्याची पद्धत आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून लागू होणाऱ्या वेळेस उन्हाळी वेळ म्हणतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा लागू होणाऱ्या मूळ प्रमाणवेळेस व्यवहारात हिवाळी वेळ असे म्हटले जाते. ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव युरोपियन आयोगाने सप्टेंबर २०१८ मध्ये मांडला आणि युरोपियन संसदेने मार्च २०१९ मध्ये त्यास पाठिंबा दिला. तथापि सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेची भूमिका निश्चित न झाल्याने तो अमलात आला नाही. घड्याळे बदलणे थांबवावे, या मताला मोठा पाठिंबा आहे. परंतु त्यानंतर वर्षभर कोणती वेळ पाळावी, या प्रश्नावर देशादेशांत मतभेद आहेत.

स्वरूप

युरोपियन संघाचे २७ सदस्य देश आपल्या मुख्य भूभागावर तीन प्रमाणवेळा पाळतात. पोर्तुगाल व आयर्लंड हे पश्चिम विभागात, स्पेनपासून पोलंडपर्यंतचे १७ देश मध्य विभागात आणि फिनलंड, रोमेनिया, ग्रीस आदी ८ देश पूर्व विभागात मोडतात. घड्याळबदल मात्र सर्वत्र एकाच क्षणी, म्हणजे ग्रीनविच येथील प्रमाणवेळेनुसार रात्री १ वाजता होतो. त्यामुळे मार्चमध्ये बर्लिन किंवा पॅरिस येथे रात्री २ वाजता घड्याळ थेट ३ वर नेले जाते आणि तो दिवस २३ तासांचा होतो. ऑक्टोबरमध्ये ३ वाजता घड्याळ पुन्हा २ वर आणले जाते आणि दिवस २५ तासांचा होतो. सध्या लागू असलेले नियम २००० साली संमत झालेल्या निर्देशाने ठरविलेले आहेत. या निर्देशामुळे कोणत्याही सदस्य देशाला एकट्याने घड्याळबदल थांबविता येत नाही.

या पद्धतीची उपयुक्तता अक्षांशावर अवलंबून असते. मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. हेलसिंकी येथे मात्र हेच प्रमाण सुमारे १९ तास व ६ तासांहून थोडे कमी असे आहे. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नसल्याने घड्याळ बदलून काही साधत नाही. याउलट अतिउत्तरेकडे फरक इतका मोठा असतो, की एका तासाच्या बदलाने त्याची भरपाई होत नाही. या दोहोंमधील प्रदेशांत, म्हणजे युरोपच्या बहुतेक भागांत, उन्हाळ्यातील पहाटेचा एक तास प्रकाश संध्याकाळकडे सरकविणे हा या पद्धतीचा मूळ हेतू होय.

इतिहास

या कल्पनेचे श्रेय अनेकदा बेंजामिन फ्रँकलिन यांना दिले जाते. तथापि १७८४ मध्ये पॅरिसच्या एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेले त्यांचे पत्र विनोदी स्वरूपाचे होते. त्यात मेणबत्त्यांचा खर्च वाचविण्यासाठी लोकांनी लवकर उठावे असे सुचविले होते. घड्याळे बदलण्याची सूचना त्यात नव्हती. न्यूझीलंडमधील कीटकशास्त्राचे अभ्यासक जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये दोन तासांच्या बदलाची कल्पना मांडली. इंग्लंडमधील बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये याच विषयावर पुस्तिका प्रसिद्ध केली. एप्रिलच्या चार रविवारी घड्याळ प्रत्येकी २० मिनिटे पुढे करावे, अशी त्यांची योजना होती. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ब्रिटनमध्ये ती स्वीकारली गेली नव्हती.

पहिल्या महायुद्धातील इंधनटंचाईमुळे परिस्थिती पालटली. जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी ३० एप्रिल १९१६ रोजी घड्याळे एक तास पुढे केली आणि काही आठवड्यांतच ब्रिटनने त्यांचे अनुकरण केले. दोन्ही महायुद्धांच्या काळात ही पद्धत युरोपभर पसरली आणि युद्धोत्तर काळात अनेक देशांनी ती सोडून दिली. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिचे पुनरुज्जीवन झाले. फ्रान्सने १९७६ मध्ये, तर पश्चिम व पूर्व जर्मनीने १९८० मध्ये उन्हाळी वेळ पुन्हा स्वीकारली. शेजारी देशांच्या तारखा वेगवेगळ्या असल्याने रेल्वे व विमानांच्या वेळापत्रकांत गोंधळ होऊ लागला. त्यावर उपाय म्हणून १९८० पासून टप्प्याटप्प्याने तारखांचे एकसूत्रीकरण करण्यात आले.

शेतकऱ्यांच्या सोयीसाठी ही पद्धत आली, हा प्रचलित समज चुकीचा आहे. शेतीची कामे सूर्यावर व पहाटेचे दव वाळण्यावर अवलंबून असतात आणि गायींच्या दुधाची वेळ घड्याळानुसार बदलत नाही. त्यामुळे अनेक देशांत शेतकऱ्यांनी या पद्धतीला विरोधच केला.

रद्द करण्याचा प्रस्ताव

फिनलंडमध्ये २०१७ साली ७०,००० हून अधिक नागरिकांनी घड्याळबदल थांबविण्याच्या मागणीवर स्वाक्षऱ्या केल्या. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी युरोपियन संसदेने या पद्धतीचे सखोल मूल्यमापन करण्याची सूचना आयोगाला केली. त्यानंतर ४ जुलै ते १६ ऑगस्ट २०१८ या काळात आयोगाने नागरिकांची मते मागविली. सुमारे ४६ लाख प्रतिसाद आले आणि त्यांपैकी ८४ टक्के घड्याळबदल रद्द करण्याच्या बाजूचे होते. मात्र सुमारे ३० लाख प्रतिसाद एकट्या जर्मनीतून आलेले होते. त्यामुळे हा कौल संपूर्ण युरोपचा मानता येणार नाही, असा आक्षेप घेण्यात आला.

आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष ज्याँ-क्लोद युंकर यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये प्रस्ताव जाहीर केला. त्यानुसार ३१ मार्च २०१९ चा बदल हा शेवटचा बंधनकारक बदल ठरणार होता. ही मुदत फार कमी असल्याचे अनेक सदस्य देशांचे मत पडले. २६ मार्च २०१९ रोजी युरोपियन संसदेने ४१० विरुद्ध १९२ मतांनी प्रस्तावाला पाठिंबा दिला आणि अंमलबजावणीचे वर्ष २०२१ असे सुचविले. उन्हाळी वेळ कायम ठेवावी की हिवाळी, याचा निर्णय प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे घ्यावा, अशी त्यात तरतूद होती.

रद्द करण्यामागील कारणे

ऊर्जाबचत हा या पद्धतीचा मूळ आधार आज दुबळा झाला आहे. एकेकाळी विजेच्या वापरात दिव्यांचा वाटा मोठा होता. कमी वीज लागणारे दिवे आल्यावर तो घटला, तर खोल्या उबदार किंवा थंड ठेवण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचे महत्त्व वाढले. २००७ मध्ये अमेरिकेत उन्हाळी वेळेचा कालावधी सुमारे चार आठवड्यांनी वाढविण्यात आला. तेथील ऊर्जा विभागाच्या अभ्यासात त्यामुळे झालेली बचत वर्षभराच्या वीजवापराच्या केवळ ०.०३ टक्के आढळली. इंडियाना राज्यातील एका अभ्यासात तर घरगुती वीजवापर सुमारे एक टक्क्याने वाढल्याचे दिसले. युरोपियन आयोगानेही ही बचत नगण्य असल्याचे नमूद केले आहे.

दुसरे कारण आरोग्याचे आहे. मानवी शरीरातील जैविक घड्याळ मुख्यतः सकाळच्या प्रकाशाने जुळविले जाते. वसंत ऋतूत एक तास अचानक कमी झाल्याने अनेकांची झोप काही दिवस विस्कळीत होते. स्वीडनमधील नोंदींवर आधारित आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मार्चमधील बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

कोणती वेळ कायम ठेवावी?

घड्याळबदल रद्द केल्याने एक तासाचा प्रश्न संपत नाही; तो तास कायमचा पहाटेला द्यायचा की संध्याकाळला, हे ठरवावे लागते. आयोगाला मत कळविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी कायम उन्हाळी वेळेला पसंती दिली. उजेडी संध्याकाळ खेळ, पर्यटन व व्यापार यांना पोषक असते, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे आहे. याउलट झोप व जैविक लय यांचा अभ्यास करणाऱ्या अनेक वैज्ञानिक संघटना कायम हिवाळी वेळेचा पुरस्कार करतात. ती सूर्याच्या गतीशी अधिक जुळते आणि सकाळी शाळेला वा कामाला जाणाऱ्यांना लवकर प्रकाश मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

भूगोलामुळे हा पेच अधिक अवघड होतो. स्पेनमधील व्हिगो व पोलंडमधील वॉर्सा ही शहरे एकच प्रमाणवेळ पाळतात, परंतु त्यांच्या रेखांशांत सुमारे ३० अंशांचे अंतर आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने दोन तासांचा फरक पडतो. कायम उन्हाळी वेळ स्वीकारल्यास व्हिगोमध्ये डिसेंबरअखेर सूर्य सकाळी १० नंतर उगवेल. कायम हिवाळी वेळ स्वीकारल्यास वॉर्सामध्ये जूनमध्ये पहाटे सव्वातीनच्या सुमारास सूर्योदय होईल. दोन्ही शहरांना सारखीच सोयीची ठरेल अशी एक वेळ नाही. प्रत्येक देशाने आपापली सोय पाहिली, तर शेजारी देशांत वेळेची तफावत निर्माण होऊन १९८० पूर्वीचा गोंधळ परत येण्याची शक्यता राहते.

आयर्लंडचा प्रश्न विशेष नाजूक आहे. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग असून ब्रिटनने संघ सोडला आहे. ब्रिटनने घड्याळबदल चालू ठेवल्यास एकाच बेटावर वर्षातील काही महिने दोन वेळा चालतील. या कारणास्तव आयर्लंडच्या सरकारने प्रस्तावाला विरोध दर्शविला.

इतर प्रयोग

वर्षभर एकच, पुढे नेलेली वेळ पाळण्याचे काही प्रयोग पूर्वी झाले आहेत. ब्रिटनने १९६८ ते १९७१ या काळात घड्याळे वर्षभर एक तास पुढे ठेवली. परंतु विशेषतः स्कॉटलंडमधील अंधाऱ्या सकाळींमुळे नाराजी वाढली आणि संसदेने मोठ्या बहुमताने प्रयोग थांबविला. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये उन्हाळी वेळ वर्षभर लागू केली. मुलांना अंधारात शाळेला जावे लागत असल्याच्या तक्रारी आल्याने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करावी लागली. पोर्तुगालने १९९२ मध्ये मध्य युरोपीय वेळ स्वीकारली आणि १९९६ मध्ये ती सोडून दिली. रशियाने २०११ मध्ये कायम उन्हाळी वेळ स्वीकारली. तीन हिवाळ्यांनंतर, ऑक्टोबर २०१४ मध्ये, ती रद्द करून कायम हिवाळी वेळ लागू केली. तुर्कस्तानात मात्र २०१६ पासून उन्हाळी वेळ वर्षभर लागू आहे. उन्हाळ्यात लोकप्रिय असलेल्या वेळेची खरी परीक्षा हिवाळ्यातील सकाळी होते, असे या बहुतेक प्रयोगांतून दिसून येते.

भारताच्या संदर्भात

भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ दरम्यान, घड्याळे सलग एक तास पुढे ठेवण्यात आली होती. सध्या भारतात घड्याळबदल होत नाही. वेळेच्या निवडीवरून मतभेद मात्र भारतालाही नवे नाहीत. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात अनेक वर्षे वापरात राहिली. आसामच्या चहामळ्यांत आजही प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेली वेळ पाळली जाते. युरोपातील बदलाचा परिणाम भारतातील व्यवहारांवरही होतो. बर्लिन व मुंबई यांच्यातील अंतर हिवाळ्यात साडेचार तासांचे, तर उन्हाळ्यात साडेतीन तासांचे असते. त्यामुळे युरोपीय कंपन्यांसाठी काम करणाऱ्या पुणे-मुंबईतील कर्मचाऱ्यांच्या बैठकांच्या वेळा वर्षातून दोनदा बदलतात.

सद्यःस्थिती

संसदेने सुचविलेली २०२१ ची मुदत कोविड-१९ च्या साथीच्या काळात उलटून गेली. आयोगाने प्रस्ताव मागे घेतलेला नाही. परंतु मंत्रिपरिषदेच्या संमतीशिवाय त्याचा कायदा होऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला आणि घड्याळबदल थांबविण्याचे जाहीर आवाहन केले. तोपर्यंत तरी जुन्या निर्देशानुसार घड्याळे वर्षातून दोनदा बदलली जात होती.